बत्तीस चौरस फूट जमीन

आमच्या कराडच्या काकांचा फोन एरवी दिवाळीला येतो. यंदा तो जूनमध्येच आला, आणि तोही पहाटे साडेचारला. मिनेसोटात पहाटेचे साडेचार म्हणजे तिकडे दुपारचे तीन. काकांची वामकुक्षी नुकतीच आटोपली असणार, कारण आवाज अगदी ताजा होता.

"काय रे, तिकडं जमीन केलीस म्हणं? आम्हाला कळवायचं न्हाईस होय? किती गुंठं?"

मी अंधारात उठून बसलो. शेजारच्या खोलीतून बाबांचं घोरणं ऐकू येत होतं. हे सगळं त्यांचंच काम होतं. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या बाबांनी आदल्या रात्री भावाला खुशाली कळवताना सांगून टाकलं होतं, की पोरगा दोन महिने झाले जमीन करतोय. यात खोटं काहीच नव्हतं. आमच्या घरात पायाखाली जे काही असतं त्याला जमीन म्हणतात. "जमीन पुसून घे", "जमिनीवर सांडू नकोस". मी गराजमध्ये जमीनच करत होतो. फक्त ती चार फूट रुंद आणि आठ फूट लांब होती, आणि तिच्याखाली दोन चाकं लागणार होती.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. माझी जमीन ३२. म्हणजे गुंठ्याचा चौतिसावा भाग. हे काकांना पहाटे साडेचारला समजावणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "थोडीच आहे, काका."

"थोडी का असंना. सातबारा तुझ्याच नावावर कर. बायकोच्या नको."

तर ही जमीन कशी झाली, ते सांगतो.

अमेरिकेत 'टिअरड्रॉप' नावाचा एक छोटा ट्रेलर असतो. बाजूने पाहिलं तर आडव्या पडलेल्या थेंबासारखा दिसतो. आत उभं राहता येत नाही, नुसतं झोपता येतं. मागचं झाकण उचललं की खाली ओटा, त्यावर शेगडी. हा प्रकार १९३०च्या दशकातला. महायुद्धानंतर तर मासिकांतले नकाशे समोर ठेवून लोकांनी आपापल्या गराजांत असले ट्रेलर ठोकून काढले. मीही एक ठोकावा असं मला का वाटलं, याचं पटण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. बायकोने एवढंच विचारलं, "अश्रूचा थेंब म्हणतात ना याला? तो पुरा होईपर्यंत अश्रू कोणाचे?"

आमची गाडी लहान. १५०० पौंडांपेक्षा जास्त ओढायचं नाही, असं तिच्या पुस्तकात छापलेलं आहे. त्यामुळे ट्रेलरमध्ये येणारी प्रत्येक वस्तू वजन विचारून आत घ्यायची होती. चाकांचा सांगाडा मी खोक्यातून आणलेला, नटबोल्टनी जोडायचा. चार बाय आठचा. प्लायवुडचा तक्ताही चार बाय आठचाच येतो. मला वाटलं, यात काय आहे! तक्ता ठेवायचा, बोल्ट मारायचे, झाली जमीन.

बाबा बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सांगाड्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "कोबा कर."

"बाबा, हा ट्रेलर आहे. रस्त्यावरून धावणार आहे."

"मग पातळ कोबा कर."

आईचं म्हणणं मात्र पहिल्या दिवसापासून वेगळं होतं. "अरे, पांघरूण वरून कितीही घ्या, गारठा चढतो तो खालून. आमच्या लहानपणी सतरंजीखाली घोंगडं असायचं ते काय शोभेला?" हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. पुढे थंडीत झोपण्याबद्दल जे जे वाचलं त्या सगळ्याचं सार हेच निघालं. मऊ पिसांची महागडी झोपायची पिशवी घेतली, तरी अंगाखाली दबलेली पिसं चपटी होतात. त्यातली हवा जाते आणि हवेबरोबर ऊबही. ट्रेलरच्या जमिनीखाली तर उघडा वारा. पाऊण इंची प्लायवुड त्याला अडवून अडवून किती अडवणार? थंडी अडवण्याची ताकद इथे 'आर' नावाच्या मापात सांगतात. पाऊण इंची प्लायवुडचा आर जेमतेम १. दीड इंच जाडीच्या गुलाबी फोमचा साडेसात.

हा फोम म्हणजे आपल्या थर्माकोलचा चुलतभाऊ. थर्माकोल साबुदाण्यासारख्या दाण्यांचा, हा एकजीव, त्यामुळे पाणी फारसं पीत नाही. बाबांनी तो बोटाने दाबून पाहिला. "गणपतीच्या मखराला लागायचा तोच ना? अरे, त्याच्यावर आपल्याकडे २०१८ साली बंदी आली!" मग बराच वेळ ते गराजच्या दाराकडे बघत राहिले. कोणी तपासायला येतंय का, म्हणून असावं.

मी म्हणालो, "याने बोचरी थंडी थांबते."

"गुलाबी आहे. म्हणजे गुलाबी थंडी आत येईल," बाबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर दिवसभर खूश राहिले.

पण नुसता फोम टाकून त्यावर झोपता येत नाही. कोपर टेकलं तरी खड्डा पडतो. त्यावर जाड तक्ता टाकावा तर वजन वाढतं. यातून सुटायची युक्ती विमानवाल्यांनी काढून ठेवलेली आहे. खाली पातळ प्लाय, वर पातळ प्लाय, मध्ये जाड पण हलकं काहीतरी, आणि तिन्ही एकमेकांना घट्ट चिकटवलेले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी मॉस्किटो नावाचं विमान उडवलं, त्याचं अंग असंच होतं. दोन्हीकडे बर्चच्या पातळ प्लायची कातडी आणि मध्ये बाल्सा नावाचं कापसासारखं हलकं लाकूड. १९४० साली ते पहिल्यांदा उडालं आणि त्या काळच्या सर्वांत वेगवान विमानांत गणलं गेलं.

"मॉस्किटो म्हणजे डास ना?" बाबा.

"हो."

"लाकडी डास."

बाबांना पटेना. दोन कागदासारखे तक्ते आणि मध्ये मखर, यावर दोन माणसं झोपणार कशी? मी त्यांच्याच रमीच्या पत्त्यांचा कॅट घेतला आणि वाकवला. सहज वाकला. पत्ते एकमेकांवरून सरकत होते म्हणून वाकला. हेच पत्ते डिंकाने चिकटवले तर विटेसारखे होतील. जमीन खाली दबायला लागली की वरचा तक्ता आक्रसायला बघतो, खालचा ताणला जातो. मधल्या फोमने दोघांना ठरल्या अंतरावर धरून ठेवलं आणि सरकू दिलं नाही, की दबणं थांबतं. म्हणजे सगळी मदार डिंकावर. बाबा म्हणाले, "म्हणजे गर्डरच की. वर पट्टी, खाली पट्टी. तसं आधी सांगायचंस." आणि कॅट माझ्या हातातून काढून घेतला, कारण मी तो खरंच चिकटवीन अशी त्यांना भीती वाटली.

आईने हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं. "पुरणपोळीच आहे ही," ती म्हणाली. "पारी पातळ, पुरण जाड. पुरण कडेपर्यंत गेलं पाहिजे, नाहीतर कडा वातड होते. आणि मध्ये हवा राहिली तर टम्म फुगते." यानंतर मी या विषयावरचं वाचन बंद केलं.

लाकूड आणायला बाबांना घेऊन दुकानात गेलो. अमेरिकेत 'टू बाय फोर' नावाचं लाकूड मिळतं, म्हणजे दोन इंच बाय चार इंच. बाबांनी खिशातून टेप काढला. हा टेप ते कराडहून घेऊन आले होते, विमानाच्या हातसामानातून. लाकूड मोजलं, चष्मा वर सारला आणि जाहीर केलं, "फसवणूक आहे. दीड बाय साडेतीन भरतंय."

त्यांना सांगितलं की सगळीकडे तसंच असतं. कापताना दोन बाय चार असतं, वाळवून रंधून दीड बाय साडेतीन उरतं, आणि नाव मात्र बाळपणीचंच राहतं. बाबांना नाव मान्य नव्हतं. त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे सगळे पाढे छडीच्या साक्षीने पाठ झालेले. औट म्हणजे साडेतीन. "मग याला दीड बाय औट म्हणा की! एवढा पाढा असताना चुकीचं नाव कशाला?" लाकडाच्या फळीपाशी उभं राहून त्यांनी औटकीचे दहाही टप्पे म्हणून दाखवले. ट्रॉली घेऊन चाललेला एक माणूस टोपी काढून थांबला. त्याला बहुधा प्रार्थना वाटली.

पण पुढचे दोन महिने मला या पाढ्यांनीच तारलं, हे कबूल करायला हवं. इथे टेपवर इंचाचे सोळा भाग. पाऊण इंची म्हणून विकलेल्या प्लायवर बारीक अक्षरात २३/३२ छापलेलं. मी फोनवर गणित करायला घेईपर्यंत बाबा उत्तर सांगून पेन्सिल कानावर ठेवत. आम्हाला हवी होती 'वन बाय टू'ची पट्टी, जी खरं म्हणजे पाऊण बाय दीड. ती पट्टी उभी ठेवली की उंची बरोबर दीड इंच, आणि फोमही दीड इंची. खोट्या नावांच्या त्या दुकानात दोन खरी मापं एकमेकांना जुळलेली पाहून बाबांनी पट्टीवर थाप मारली.

चौकट झाली. कडेने पट्ट्या, मध्ये तीन आडव्या. मग फोम. चाकूने अर्धवट चिरून टेबलाच्या कडेवर दाबला की कट्ट आवाज करून सरळ तुटतो, चिक्कीसारखा. पण काही तुकडे तासावे लागतात आणि तासले की त्याचा गुलाबी चुरा उडतो. हा चुरा कशालाही चिकटतो. स्वेटरला, भुवयांना, चहाच्या कपाला. झाडला तर हाताला लागतो, हात झाडला तर परत स्वेटरला. ब्रेड कापायची लांब सुरी यासाठी फार छान चालते, हे मला कळलं. मागोमाग बायकोलाही कळलं.

पहिला घात इथे झाला. डिंक म्हणून गराजमध्ये आधीचाच पडून असलेला एक डबा मी वापरला. डब्यावर 'सर्व कामांसाठी' असं लिहिलेलं. सकाळी वरचा तक्ता उचलून पाहिला तर फोममध्ये खड्डे. रात्री घुशी येऊन जेवून गेल्या असाव्यात तसे. त्या डिंकात विद्रावक होतं, आणि हा फोम असल्या विद्रावकात बर्फीसारखा विरघळतो. पुरणानेच पुरण खाल्लं, असं आई म्हणाली. फोमचा अख्खा तक्ता गेला. दुसरा आणला, आणि त्याच्याबरोबर पॉलियुरेथेनचा डिंक. हा ओलाव्याने वाळतो, म्हणून लावण्याआधी लाकडावर पाण्याचा हबका मारायचा. बाबांनी ती जबाबदारी घेतली आणि संध्येला बसल्यासारखे चुळकाभर पाणी घेऊन चौकटीवर शिंपडत राहिले. हा डिंक वाळताना जरासा फुगतो, कडेने फेस येतो. आणि हाताला लागला की साबण, तेल, रॉकेल, देव कोणालाही दाद देत नाही. दहा दिवस माझी बोटं काळी होती. ऑफिसात एकाने हळूच विचारलं, गाडीचं काम काढलंय का. मी म्हणालो, नाही, जमिनीचं.

आता दाब. डिंक वाळेपर्यंत तक्ता सगळीकडून सारखा दाबून ठेवायला हवा. मी हिशेब केला. दर चौरस इंचाला फक्त एक पौंड दाब द्यायचा म्हटलं तर ३२ चौरस फुटांचे होतात ४६०८ चौरस इंच. म्हणजे ४६०८ पौंड वजन. वीस पौंडांची तांदळाची पोती धरली तर दोनशे तीस. आमच्या इंडियन ग्रोसरीवाल्याकडेही एवढा तांदूळ एका वेळी नसतो, आणि असला तरी तो विचारील की लग्न कुठे आहे.

यावर तोडगा आईने काढला. "पंगत बसव."

आठ फूट लांबीच्या प्रत्येक बाजूला चार माणसं मांडी घालून बसू शकतात. दोन्ही बाजू मिळून आठ. मध्ये पानं. मंडळातल्या ओळखीच्यांना फोन लावले. पण या पंगतीला माणूस निवडताना भूक बघायची नव्हती, वजन बघायचं होतं, आणि ते नेमकं विचारायचं कसं? "वहिनी, जेवायला याच. बरं, साधारण किती…" इथे बायकोने फोन काढून घेतला. शेवटी नजरेने अंदाज करून आठ सज्जन निवडले. त्यांच्यात दोन असे होते, की ते येणार म्हटल्यावर बाबांनी समाधानाने मान डोलावली.

शनिवारी दुपारी बारा वाजता डिंक लावला. तक्ता बसवला. कडेने थोडे स्क्रू मारले, वर प्लास्टिक, प्लास्टिकवर सतरंजी, सतरंजीवर पंगत. सूचना दोनच होत्या. सगळ्यांनी एकदम बसायचं, आणि हात वाळले तरी उठायचं नाही. गराजचं दार उघडं ठेवलं होतं. समोरचे नॉर्वेजियन वंशाचे आजोबा गवत कापायचं थांबवून बघत उभे राहिले. आई वाकून वाकून वाढत होती आणि बाबा ओळंबा हातात घेऊन पंगतीभोवती फिरत होते. कोणी एका कुशीवर कलला की लगेच, "साहेब, मध्यावर या. कड सुटतेय." आमरसाच्या तिसऱ्या वाटीला एका डॉक्टरांचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला. त्यांनी विचारलं, "मी उठलो तर काय होईल?"

"बुडबुडा येईल," बाबा म्हणाले.

डॉक्टर बसून राहिले. मी मनात हिशेब केला. आठ माणसं, सरासरी १६० पौंड, एकूण १२८०. भागिले ४६०८. दर चौरस इंचाला पाव पौंडाच्या जरा वर. एवढी माणसं एवढी जेवली आणि हाती आली पावकी! सव्वा तासाने त्यांना एकेक करून उठवलं. प्रत्येकाच्या जागी पाण्याने भरलेली बादली किंवा तांदळाचं पोतं ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गराजमध्ये बादल्यांचीच पंगत बसलेली होती.

जमीन झाली. आम्ही दोघांनी ती उचलली, आणि ती दगडासारखी ताठ उचलली गेली. न्हाणीघरातल्या काट्यावर उभी करून वजन केलं. ६१ पौंड. नुसता पाऊण इंची तक्ता टाकला असता तर सत्तरच्या घरात गेला असता. मी बायकोला अभिमानाने सांगितलं, की उबेत आठपट वाढ आणि वर नऊ पौंडांची बचत.

"दोन महिने खपून नऊ पौंड?" ती म्हणाली. "तू स्वतः संध्याकाळी चालायला गेला असतास तर तेवढे तुझेच गेले नसते का?"

मग बाबांनी गोटी टाकून पाहिली. कुठूनही सोडली तरी गोटी एकाच ठिकाणी जाऊन थांबे. असली चिकटवलेली जमीन ज्या पृष्ठभागावर वाळते त्याचा आकार जन्मभर धरून ठेवते, आणि आमच्या गराजच्या काँक्रीटला पोट आहे. हे नंतर कळलं. बाबांनी पारदर्शक नळीत पाणी भरून गवंड्यासारखी लेव्हल काढली. पाव इंचाचा खड्डा. शेवटी निर्वाळा दिला, "दोष नाही हा. ढाळ आहे. मी मुद्दामच ठेवायला सांगणार होतो."

खालच्या अंगाला डांबरी लेप दिला, कारण इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि प्लायच्या उघड्या कडा पाणी शोषायला टपलेल्याच असतात. वासाने समोरचे आजोबा आले. काळ्या बाजूकडे पाहिलं, उलटून दुसऱ्या बाजूकडे पाहिलं, बाबांच्या नळीकडे पाहिलं. "वेल, दॅट्स डिफरंट," म्हणाले आणि गेले. मिनेसोटात कोणी 'डिफरंट' म्हटलं की त्याचा अर्थ 'हे काय करून ठेवलंत' असा होतो, हे मला इथे येऊन पाच वर्षांनी समजलं होतं. बाबांना ते कौतुक वाटलं. मी तसंच राहू दिलं.

भिंती आणि छप्पर उन्हाळ्यात उरकले. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ते घाईत केले. नोंदणीही झाली. तीन हजार पौंडांच्या आतल्या ट्रेलरची इथे एकदाच नोंदणी होते, कायमची. तो कागद बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला आणि पिशवीवर लिहिलं, सातबारा.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि बायको ट्रेलर घेऊन लेक सुपीरियरच्या काठाने वर गेलो. डुलुथ सोडलं की हायवे ६१ पाण्याला लागूनच जातो. गूजबेरी फॉल्सच्या पार्कमध्ये जागा मिळाली. रात्री पारा तीन-चार अंशांवर उतरला. तळ्यावरून वारा येत होता, आणि या तळ्याला तळं म्हणायलाही जीभ वळत नाही. आम्ही आत शिरलो. मागच्या ओट्याने जागा खाल्लेली, त्यामुळे अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण इथे इंचात मोजून पाळावी लागते. पण पाठ टेकली आणि अंगाखालून ऊब आली. खरंच आली. गार लागत होते ते फक्त सांगाड्यापर्यंत आरपार गेलेले सहा बोल्ट. त्यांची डोकी बर्फासारखी, आणि त्यातलं एक नेमकं बायकोच्या कानाशी. बाकी आठ सज्जनांची पंगत कामी आली होती. मला झोप लागली.

पहाटे कधीतरी कपाळावर थेंब पडला. मग दुसरा. टॉर्च लावला तर छप्पर घामाने डबडबलेलं. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि अंगातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. जमीन त्याला उभी करत नव्हती, म्हणून ते सगळं वर जाऊन थंडगार, नागड्या, घाईत केलेल्या छपरावर जमलं होतं. छपरावरून निघून ते शिस्तीत आमच्यावर येत होतं आणि आमच्यावरून ओघळून बाबांच्या ढाळाने, गोटी जायची त्याच जागी, जमत होतं. बायकोचा पाय तिथेच होता. ती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"झाली का रे रजिस्ट्री?" काका. "बरं, एक इचारायचं ऱ्हायलं. जिमिनीला पाणी हाय का?"

"आहे, काका," मी म्हणालो. "भरपूर आहे."